कूतचा शिधा: पुणे डिव्हिजनच्या १४७ दिवसांचा अभ्यास

१२ एप्रिल १९१६ रोजी मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, तैग्रिस नदीकाठच्या कूत-अल-अमारा या गावात ब्रिगेडियर जनरल हॉटन वारला. त्याला गोळी लागली नव्हती. भाजी म्हणून शिजवलेला रानपाला पोटात गेला आणि तो बाधला. त्याच्या हाताखाली होती सतरावी, म्हणजे अहमदनगर ब्रिगेड. जिथे ब्रिगेडच्या प्रमुखावर पाला उकडून खायची वेळ आली, तिथे त्याच ब्रिगेडमधल्या १०३ व्या मराठा पलटणीतला शिपाई काय खात असेल? या प्रश्नाने मला या प्रकरणाकडे ओढलं.

तुर्कांनी इंग्रजांच्या पुणे डिव्हिजनला घातलेला कूतचा वेढा बहुतेक वेळा सेनापतींच्या बाजूने सांगितला जातो. कोणाची आज्ञा चुकली, कोण उशिरा पोचलं, शरणागती कशी पत्करली. इथे मी त्याच पाच महिन्यांकडे शिध्याच्या बाजूने पाहणार आहे. एका गावात, एकाच वेढ्यात अडकलेल्या गोऱ्या आणि हिंदी शिपायांच्या ताटात वेगवेगळं अन्न पडलं, आणि त्यांची शरीरंही वेगवेगळ्या रोगांनी खचली. पहिल्या महायुद्धात आपल्या माणसांचं काय झालं हे समजून घ्यायला मला यापेक्षा नेमकं उदाहरण माहीत नाही.

माणसं तिथे कशी पोचली

सहाव्या डिव्हिजनचं नावच 'पुणे' होतं आणि तिच्या मूळच्या तीन ब्रिगेडांची नावं पुणे, अहमदनगर आणि बेळगाव. ऑक्टोबर १९१४ मध्ये तिची पहिली ब्रिगेड मुंबई बंदरातून निघाली आणि ६ नोव्हेंबरला इराणच्या आखाताच्या टोकाशी फाओला उतरली. तेव्हाचा हेतू मर्यादित होता: अबादानचा तेलाचा कारखाना आणि त्याची नळवाहिनी तुर्कांच्या हाती पडू द्यायची नाही, आणि आखातात इंग्रजांचा दबदबा टिकवायचा. नोव्हेंबर संपायच्या आत बसरा हाती आलं. तिथे थांबता आलं असतं. पण प्रत्येक विजयाने पुढच्या गावाची हाव वाढवली. डिसेंबरात कुर्ना, १९१५ च्या एप्रिलमध्ये शैबाची लढाई, जूनमध्ये अमारा, २८ सप्टेंबरला कूत. मग सरसेनापती जनरल निक्सन याला बगदाद दिसू लागलं.

या सगळ्या चढाईला एकच रस्ता होता, तो म्हणजे नदी. बसऱ्याला मोठी जहाजं लागतील असे धक्के नव्हते, उथळ पाण्यात चालणाऱ्या आगबोटी मोजक्या होत्या, आणि फौज जितकी वर सरकत होती तितका एकेका बोटीचा फेरा लांबत होता. पीठ, डाळ, तूप, दारूगोळा, औषधं, जखमी माणसं, सगळ्यांची वाहतूक त्याच बोटींवर. पुढे जे घडलं त्याचं मूळ इथे आहे, म्हणून वाचकाने हे लक्षात ठेवावं.

२२ नोव्हेंबर १९१५ ला बगदादच्या अलीकडे, तेसिफोनच्या प्राचीन कमानीजवळ, या डिव्हिजनचा प्रमुख जनरल टाउनशेंड याची फौज तुर्की खंदकांवर आदळली. साडेचार हजारांवर माणसं मेली किंवा जखमी झाली. जखमींना नदीपर्यंत न्यायला होत्या त्या सामानाच्या, स्प्रिंग नसलेल्या खेचरगाड्या. मोडलेल्या मांडीचा माणूस अशा गाडीत कित्येक मैल हादरे खात गेला. त्यांना घेऊन बसऱ्याला आलेल्या एका बोटीचं वर्णन इंडियन मेडिकल सर्व्हिसमधल्या मेजर कार्टर या डॉक्टराने लिहून ठेवलं आहे. बोटीच्या कडेने दोर लोंबत आहेत असं त्याला लांबून वाटलं. बोट जवळ आली तेव्हा कळलं की ती वाळलेली विष्ठा आहे. आमांशाने बेजार झालेली माणसं डेकवर इतकी दाटून पडली होती की त्यांना उठून कुठे जाताच येत नव्हतं. हे वरिष्ठांना सांगितल्याबद्दल कार्टरलाच अटकेची धमकी मिळाली.

उरलेली फौज मागे हटत ३ डिसेंबरला कूतला पोचली. ७ डिसेंबरला वेढा पक्का झाला.

गाव आणि त्यातली तोंडं

कूत हे नदीच्या नालाकृती वळणात वसलेलं गाव. तीन बाजूंना पाणी, चौथ्या बाजूला खंदक. लांबी दोनेक मैल, रुंदी मैलभर. एवढ्या जागेत दहा हजारांच्या आसपास लढणारे शिपाई, तीन हजारांहून जास्त बिनलढाऊ नोकर आणि सहा हजारांच्या घरात मूळचे अरब रहिवासी. हिंदी पायदळात मराठ्यांच्या तीन पलटणी होत्या: १०३, ११० आणि ११७. त्यांत देशावरचे आणि कोकणातले मराठे, आणि जोडीला दख्खनी मुसलमान. शिपायाचा पगार महिन्याला ११ रुपये.

बिनलढाऊ नोकर म्हणजे भिस्ती, डोलीवाले, खेचरवाले, स्वयंपाकी, मेहतर. यांच्याविषयी फार थोडं लिहिलं गेलं आहे. नदीवरून पाणी आणणारा भिस्ती पलीकडच्या काठावरून नेमबाजांच्या टप्प्यात असायचा, आणि त्याचं काम तर रोजचंच होतं. कूतच्या अरब रहिवाशांबद्दलही असंच. टाउनशेंडने बाहेरगावच्या काहीशे लोकांना गावाबाहेर काढलं. मूळ रहिवाशांना त्याने राहू दिलं, कारण ऐन थंडीत बायकामुलांना वाळवंटात ढकलायचं नव्हतं. ते राहिले आणि दोन्ही बाजूंचं भोगत राहिले. तोफगोळे त्यांच्या घरांवर पडले, धान्य त्यांच्या कोठ्यांतून काढलं गेलं, आणि शेवटी तुर्क गावात आले तेव्हा इंग्रजांना मदत केल्याच्या आरोपावरून त्यांच्यातल्या काहींना फासावर चढवण्यात आलं.

कोठार मोजायला लागलेला वेळ

या प्रकरणातला पहिला निर्णायक क्षण मला लढाईत दिसत नाही, तो धान्याच्या मोजणीत दिसतो. वेढ्याच्या सुरुवातीला टाउनशेंडने तारेने कळवलं की गोऱ्या शिपायांना पुरेल असा महिन्याभराचा आणि हिंदी शिपायांचा सुमारे दोन महिन्यांचा पूर्ण शिधा आहे. या आकड्याने खाली बसऱ्याकडे धावपळ उडाली. हिंदुस्थानातून आणि फ्रान्सहून येणाऱ्या पलटणी जशा उतरतील तशा, अर्धवट तयारीने, पुढे ढकलल्या गेल्या. जानेवारी १९१६ मध्ये शेख साद, वादी आणि २१ तारखेला हन्ना अशा तीन लढाया लागोपाठ झाल्या. हन्नाला पावसात, गुडघाभर चिखलात माणसं खंदकांवर चालून गेली आणि त्यांच्यातली हजारो पडली.

हन्ना हरल्यावर कूतमध्ये शिधा निम्म्यावर आला आणि घराघरांत शोध सुरू झाला. शेकडो टन जव, म्हणजे आपला सातू, शिवाय गहू आणि तूपही सापडलं. आता टाउनशेंडने कळवलं की आपण आणखी ८४ दिवस टिकू शकतो.

म्हणजे डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात कोठ्या उघडल्या असत्या आणि शिधा तेव्हाच कमी केला असता, तर सोडवायला येणाऱ्या फौजेला दम घेऊन, तोफा आणि दवाखाने मागून येईपर्यंत थांबून, पुढे सरकता आलं असतं. पहिले सहा आठवडे पोटभर जेवण चाललं, आणि त्याच आठवड्यांत बाहेर माणसं घाईघाईने मारली गेली. कूत सोडवण्याच्या एकूण प्रयत्नांत सुमारे २३,००० माणसं मेली किंवा जखमी झाली. आत अडकलेल्यांच्या हे जवळपास दुप्पट होतं. गावाकडच्या कोणत्याही बाईने दुष्काळाची चाहूल लागताच आधी कणगीत हात घालून पाहिलं असतं. ही साधी गोष्ट डिव्हिजनच्या मुख्यालयात दीड महिना झाली नाही, याचं मला आजही दुःख होतं.

घोड्याचं मांस

जानेवारीच्या अखेरीस घोडे आणि खेचरं कापायला सुरुवात झाली. यात दुहेरी फायदा होता. मांस मिळत होतं, आणि ती जनावरं खात असलेला जव माणसांसाठी उरत होता. गोऱ्या शिपायांना रोज मांस मिळू लागलं. हिंदी शिपायांनी, हिंदूंनी आणि मुसलमानांनीही, ते नाकारलं.

इंग्रजी वृत्तांतांत या नकाराला बहुधा अडाणी हट्ट ठरवलेलं असतं. टाउनशेंडच्या तारांमध्येही हिंदी शिपायांबद्दल तक्रारीचा सूर आहे. मला वाटतं, या नकाराकडे आतून पाहायला हवं. मराठा शिपाई बकरं खायचा, मासे खायचा. पण घोडा? त्याच्या घरी देव्हाऱ्यात खंडोबा होता, आणि तो घोड्यावर बसलेला. शिवाय शिपाई पलटणीत एकटा नसायचा. त्याच्या शेजारच्या बिछान्यावर त्याच्याच गावचा, त्याच्याच भावकीतला माणूस असायचा. आज इथे काय खाल्लं ते उद्या गावात कळणारच. मग पंगतीला कोण बसवणार, पोरीला स्थळ कोण देणार? लढाई कधीतरी संपणार होती, गाव मात्र जन्मभराचं होतं.

टाउनशेंडने बिनतारी संदेशाने हिंदुस्थानातल्या धर्मगुरूंची परवानगी मागवली. ती आली. तरीही फेब्रुवारी आणि मार्चमध्ये फार थोड्यांनी मांसाला हात लावला. धर्माचार्याची परवानगी शास्त्राचा प्रश्न सोडवते, भावकीचा सोडवत नाही, हे मुख्यालयाच्या ध्यानात आलं नाही. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात मात्र, पीठ संपत आलेलं आणि वरून सक्तीचे हुकूम निघालेले, तेव्हा काही दिवसांतच हजारो हिंदी शिपाई ते मांस खाऊ लागले. एकट्यादुकट्याचं असं मन बदलताना दिसत नाही, पलटणीच्या पलटणी वळल्या. याचा अर्थ मी असा लावतो: एकट्याने खाल्लं तर तो बाटला, सगळ्यांनी मिळून खाल्लं तर गावात कोण कोणाला वाळीत टाकणार? हा निर्णय माणसामाणसाने घ्यायचा नव्हताच, तो सगळ्यांनी मिळून घ्यायचा होता. फेब्रुवारीतच सुभेदार-जमादारांना एकत्र बसवून, त्यांच्यावर मानाने विश्वास टाकून हा विषय काढला असता, तर काय झालं असतं असं मनात येतं.

एक मात्र प्रामाणिकपणे म्हटलं पाहिजे. या नकाराची किंमत शिपायांनी स्वतःच्या शरीराने मोजली. तोवर त्यांच्यातल्या पुष्कळांना जिना चढवत नव्हता, बंदूक पेलत नव्हती.

एकाच गावात दोन रोग

डिव्हिजनचे मुख्य वैद्यकीय अधिकारी कर्नल पॅट्रिक हेहिर यांनी ठेवलेल्या नोंदी हा या प्रकरणाचा गाभा आहे. वेढ्याच्या पहिल्या दोन महिन्यांत गोऱ्या शिपायांमध्ये बेरीबेरी दिसू लागला. पाय सुजायचे, बधिर व्हायचे, हृदय थकायचं. हिंदी शिपायांत तो जवळजवळ नव्हता. उलट हिंदी शिपायांमध्ये स्कर्व्ही पसरला. हिरड्या सुजून काळ्यानिळ्या होऊन रक्ताळायच्या, दात हलायचे, जुन्या जखमा पुन्हा उघडायच्या, सांध्यांत रक्त साकळायचं. वेढ्याच्या काळात स्कर्व्हीचे हजारावर हिंदी रुग्ण झाले. गोऱ्यांत हा रोग फारसा आढळला नाही.

हवा एकच, पाणी एकच, खंदक एकच. फरक ताटाचा होता.

गोऱ्या शिपायाला पांढऱ्या मैद्याचा पाव मिळत होता. गव्हाचा कोंडा आणि अंकुर दळताना काढून टाकले की त्यांच्याबरोबर ज्याला आज आपण ब१ जीवनसत्त्व म्हणतो तेही जातं. हिंदी शिपाई मात्र कोंड्यासकट दळलेली कणीक आणि जवाची भाकरी खात होता, त्यामुळे तो बेरीबेरीपासून वाचला. फेब्रुवारीत पांढरं पीठ संपत आलं आणि नाइलाजाने गोऱ्यांच्या पावात कणीक व जवाचं पीठ मिसळावं लागलं. लगेच त्यांच्यातला बेरीबेरी ओसरला. टंचाईने त्यांच्या ताटात आणलेली ही भर त्यांना औषधासारखी लागू पडली.

स्कर्व्हीचं याच्या उलट. ताज्या मांसात थोडं का होईना क जीवनसत्त्व असतं. गोऱ्यांना ते घोड्याच्या मांसातून मिळालं. हिंदी शिपायाच्या शिध्यात कणीक, डाळ, तूप, मीठ, मसाला. भाजी नाही, फळ नाही, मांसाला नकार. अशा आहारावर दोन-तीन महिन्यांत हिरड्या सुटतातच. आणि हे फक्त वेढ्यात घडलं असंही नाही. वेढा पडण्याआधी वर्षभर हीच माणसं याच कोरड्या शिध्यावर कूच करत आली होती. पुढे १९१६ च्या उत्तरार्धात मेसोपोटेमियातल्या उरलेल्या फौजेत, जिथे वेढा नव्हता आणि घोड्याच्या मांसाचा प्रश्नही नव्हता, तिथेसुद्धा अकरा हजारांवर माणसं स्कर्व्हीने कामातून गेली. म्हणून कूतमधला स्कर्व्ही धर्मभोळेपणाने झाला ही समजूत अपुरी आहे. हिंदी शिपायाचा शिधा कागदावरच निकृष्ट होता.

आत काही उपाय झाले. विमानांनी भाजीचं बी टाकलं, ते नदीकाठच्या ओल्या जमिनीत पेरलं आणि जी काही पानं आली ती दवाखान्यात गेली. खंदकांच्या आसपासचा रानपाला गोळा करून शिजवायची पद्धत पडली. हेहिर यांनी खाण्याजोगी पानं कोणती ते सांगायचा प्रयत्न केला. पण भुकेला माणूस परक्या मुलखात पानं ओळखणार कशी? आपल्याकडे टाकळा, कुर्डू, घोळ कोणत्या पावसात कुठे उगवते हे कोकणातल्या पोरालाही ठाऊक असतं. तैग्रिसकाठी ते ज्ञान उपयोगाचं नव्हतं. पाला बाधून काहीजण दगावले. हॉटन त्यांच्यातलाच एक.

इथे थोडं विषयांतर करतो, पण ते आपल्या स्वयंपाकघरातलं आहे. वाळलेल्या अख्ख्या कडधान्याला मोड आले की त्यात स्कर्व्ही टाळण्याचा गुण येतो, हे नॉर्वेच्या फ्युर्स्ट यांनी १९१२ मध्येच प्रयोगाने दाखवलं होतं. युद्धाच्या काळात लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमध्ये हॅरिएट चिक आणि त्यांच्या सहकारी स्त्रियांनी हे काम पुढे नेलं. त्यांनी हिंदी फौजेसाठी चिंच, आमसूल आणि आमचूरही तपासले. गुण आढळला, पण ताज्या ईडलिंबाच्या मानाने फारच कमी. मोड आलेली कडधान्यं मात्र चांगलीच उपयोगी ठरली. आता मटकीला मोड आणून उसळ करणं मराठा शिपायाला कोणी शिकवायला नको होतं. ओलं फडकं आणि एक रात्र, बस. पण फौजेच्या शिध्यात डाळ होती, म्हणजे सालं काढून दोन फाका केलेलं कडधान्य. डाळीला मोड येत नाहीत. पोत्यात अख्खे मूग-मटकी असते आणि ते चुलीपर्यंत पोचले असते, तर हजार माणसांच्या हिरड्या वाचायला ती उसळ पुरली असती, असं मला राहून राहून वाटतं.

शेवटचे आठवडे

सोडवायला येणाऱ्या फौजेचे ८ मार्चला दुजैला आणि एप्रिलमध्ये सन्नैयातचे हल्ले फसले. एप्रिलच्या मध्याला पीठ माणशी पाच औंसांवर आलं, म्हणजे जेमतेम दीडशे ग्रॅम, दोन लहान भाकऱ्यांपुरतं. विमानांतून पोती टाकली जाऊ लागली. वेढलेल्या फौजेला आकाशातून अन्न पुरवण्याचा जगातला हा पहिलाच प्रयत्न मानला जातो. धान्य दळायला जात्याचे दगडसुद्धा विमानातून टाकले. काही पोती नदीत पडली, काही तुर्कांकडे. सगळं मिळून एवढ्या तोंडांना ते काही पुरणारं नव्हतं. २४ एप्रिलच्या रात्री 'जुलनार' नावाची आगबोट २७० टन रसद घेऊन अंधारात वर निघाली. तुर्कांनी नदीत आडव्या टाकलेल्या तारदोरांत ती अडकली आणि माणसांसकट हाती लागली. खजिन्यातून पैसे देऊन फौज सोडवून घ्यायची बोलणीही झाली, दोन दशलक्ष पौंडांपर्यंत. ती फेटाळली गेली.

२९ एप्रिलला टाउनशेंडने शरणागती दिली. वेढ्यातली एकूण हानी ३,७७६. त्यात १,०२५ मारले गेले किंवा जखमांनी गेले, ७२१ रोगाने गेले, बाकीचे जखमी आणि बेपत्ता. सुमारे तेरा हजार माणसं कैद झाली. त्यांतली दहा हजारांवर हिंदी होती.

भूक संपली नाही

पुष्कळ वृत्तांत इथे थांबतात. माणसांचं खरं मरण यानंतर सुरू झालं.

पहिल्या मुक्कामावर, शुमरानला, तुर्कांनी दिलेली जाडजूड, दगडासारखी बिस्किटं उपाशी पोटांवर पडली, आणि हगवण लागून काही दिवसांतच माणसं पटापट मेली. अधिकाऱ्यांना शिपायांपासून वेगळं केलं. टाउनशेंडला मानाने इस्तंबूलजवळच्या एका बेटावर ठेवलं गेलं. त्याने आपल्या माणसांसाठी काही केलं नाही हा आरोप त्याला नंतर जन्मभर चिकटला. शिपाई आणि नोकर मे महिन्याच्या उन्हात बगदादकडे चालत निघाले. तिथून समारापर्यंत रेल्वे, पुढे पुन्हा पायी: तिक्रित, मोसुल, नुसैबिन, रास अल-ऐन. बूट, कांबळी, पाण्याच्या बाटल्या विकून खाणं मिळवायचं, आणि मागे पडला त्याला सोडून पुढे जायचं. स्कर्व्हीने आधीच पोखरलेली शरीरं या वाटेवर टिकणार किती?

रास अल-ऐन हे तेव्हा बगदाद रेल्वेचं एक टोक. हिंदी कैद्यांना मुख्यतः तिथे रूळ टाकायच्या कामावर जुंपलं. त्याच गावातून वर्षभर आर्मेनियन लोकांना वाळवंटात हाकलून मारण्यात आलं होतं. आपले शिपाई आणि डॉक्टर तिथल्या ओसाड घरांच्या शेजारी राहिले, ते विनाश पाहिल्याच्या आठवणी त्यांच्यातल्या काहींनी लिहून ठेवल्या. १९१६-१७ च्या हिवाळ्यात टायफस आला. रुग्णांची सेवा करत असलेले इंडियन मेडिकल सर्व्हिसचे बंगाली डॉक्टर कॅप्टन कल्याणकुमार मुखर्जी १९१७ मध्ये तिथेच तापाने वारले.

कैदेत गेलेल्या सुमारे २,६०० गोऱ्या शिपायांपैकी १,७०० हून अधिक परतले नाहीत. हिंदी शिपाई आणि नोकर यांच्यातले सुमारे अडीच हजार मेले असं मानतात. आणखी कित्येकांच्या नावापुढे 'बेपत्ता' एवढीच नोंद राहिली. रत्नागिरी किंवा सातारा जिल्ह्यातल्या एखाद्या घरी 'बेपत्ता' या शब्दाचा अर्थ काय होत असेल? कुंकू पुसायचं की नाही, श्राद्ध घालायचं की नाही, जमिनीच्या वाटणीत त्याचा वाटा धरायचा की नाही. मेल्याची बातमी निदान रडू देते.

चौकशी आणि तिचे परिणाम

ऑगस्ट १९१६ मध्ये मेसोपोटेमियाच्या मोहिमेसाठी चौकशी आयोग नेमला गेला. त्याचा अहवाल जून १९१७ मध्ये छापला गेला. बगदादवरची चढाई पुरेशा बोटींशिवाय आणि रसदीशिवाय झाली, दवाखान्यांची व्यवस्था लाजिरवाणी होती, हे त्यात स्पष्ट लिहिलं आहे. मेजर कार्टरची साक्षही त्यात आहे. भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन याने राजीनामा दिला. जुलैमध्ये एडविन मॉंटेग्यू याने पार्लमेंटात हिंदुस्थान सरकारच्या कारभारावर कडक हल्ला चढवला, काही दिवसांतच तो भारतमंत्री झाला, आणि २० ऑगस्ट १९१७ ला हिंदुस्थानात टप्प्याटप्प्याने जबाबदार राज्यपद्धती आणण्याची घोषणा त्याच्याच तोंडून झाली. या घोषणेमागे इतरही मोठी कारणं होती, होमरूलची चळवळ त्यांतली एक. पण मॉंटेग्यूला ती खुर्ची मिळाली ती मेसोपोटेमियाच्या अहवालामुळे, हे आपल्या शालेय इतिहासात कुठे येत नाही.

शिध्यातही बदल झाले. स्कर्व्ही पसरल्यानंतर मेसोपोटेमियातल्या हिंदी फौजेचा आहार सुधारण्यात आला, भाजीपाला पिकवायला सुरुवात झाली. मार्च १९१७ मध्ये बगदाद पडलं ते अशा, पोट भरलेल्या आणि बोटींनी पुरवठा होणाऱ्या फौजेकडून. ११७ व्या पलटणीला युद्धानंतर 'रॉयल' ही पदवी मिळाली.

दगडावरचे आकडे

साताऱ्याजवळ अपशिंगे नावाचं गाव आहे, लोक त्याला अपशिंगे मिलिटरी म्हणतात. पहिल्या महायुद्धात तिथले ४६ जण कामी आले आणि त्यांच्या स्मरणार्थ गावात इंग्रजांनी स्मारक उभारलं. असे दगड सातारा-रत्नागिरीकडे आणखीही गावांत आहेत. या गावातून इतके लोक महायुद्धाला गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले, एवढाच त्यांवरचा मजकूर. गावांत सगळे सगळ्यांना ओळखतात, म्हणून नावं कोरली नसतील असं एक वेळ म्हणता येईल.

बसऱ्याच्या स्मारकाबद्दल तसं म्हणता येत नाही. ज्यांची थडगी सापडली नाहीत अशा चाळीस हजारांवर माणसांसाठी ते बांधलं. त्यावर गोऱ्या शिपायाचं नाव आहे. हिंदी अधिकाऱ्याचंही नाव आहे. हिंदी शिपायांच्या बाबतीत पलटणीचं नाव आहे आणि पुढे मेलेल्यांची संख्या. १९९७ मध्ये सद्दाम हुसेनच्या हुकुमाने ते स्मारक, दगडन्‌दगड उचलून, बसऱ्याबाहेर नासिरियाच्या रस्त्यावर सुमारे ३२ किलोमीटर दूर वाळवंटात नेऊन पुन्हा उभं केलं गेलं. १०३, ११० आणि ११७ या पलटणींच्या पुढचे आकडे आजही तिथेच आहेत. शिपायांची नावं स्मारकाच्या नोंदवहीत सापडतात, बापाच्या नावासकट आणि गावासकट. ज्यांच्या घरी कोणी पणजोबा 'बसऱ्याला गेले ते आलेच नाहीत' असं सांगितलं जातं, त्यांनी ती नोंदवही एकदा गावाच्या नावाने शोधावी.